जोडीनं बदलायच्या गोष्टी

"काका, डावीकडचा व्हील सिलिंडर गळतोय. एकच टाकू की दोन्ही?"

वाणगावच्या एखाद्या गॅरेजात मारुती ८०० जॅकवर चढलेली आहे. मागचं चाक उतरवून भिंतीला टेकवलंय, ड्रम पालथा घालून त्यात नट ठेवलेत, आणि उघड्या पडलेल्या ब्रेक शूवर काळपट ओल पसरली आहे. ती ओल म्हणजे ब्रेक ऑइल. सिलिंडरातली रबराची लहानशी वाटी, जिला गॅरेजात वायसर म्हणतात, ती कडक होऊन झिजली, आणि पेडल दाबलं की थेंबभर ऑइल बाहेर यायला लागलं. विचारणारा मेकॅनिक विशीतला आहे. उत्तर देणाऱ्याच्या खिशाला एक सिलिंडर परवडतो, दोन जड जातात. उजवीकडचा तर कोरडा ठणठणीत दिसतोय.

गाडी २००५ सालची आणि मालक वाढवणचा डायमेकर, असं धरून चालू. डहाणूच्या किनारपट्टीवर हे अगदी सहज घडण्याजोगं आहे. वाढवण, वरोर, चिंचणी या गावांत मासेमारी आणि बागायतीच्या जोडीला डाय घडवण्याचा धंदा घराघरांत आहे. पोलादी ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची आणि त्यावर सोन्याचांदीचा पत्रा दाबून ती सुलटी उमटवायची, असं हे काम. कोरणारा माणूस ओटीवर, उजेडाच्या बाजूला तोंड करून बसतो आणि केसाएवढ्या रेषेसाठी दुपार घालवतो. त्याला जोडीचं महत्त्व वेगळं पटवून द्यावं लागत नाही. कानातल्या दोन फुलांपैकी एक दुसऱ्याहून किंचित मोठं उमटलं तर सोनार ती डाय परत करतो.

म्हणून डायमेकर मेकॅनिकला म्हणतो, "दोन्ही टाक."

या उत्तरामागे धंद्याची सवय आहे, तसं भौतिकशास्त्रही आहे. पेडलवर पाय पडला की मास्टर सिलिंडरातलं ऑइल दाबलं जातं आणि तो दाब नळ्यांमधून चाकांपर्यंत सारखा पोचतो. बंद भांड्यातल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलनं सांगितलं. त्यावर ब्रेक उभारायला मात्र १९१७-१८ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत माल्कम लॉकहीडनं ऑइलवर चालणारा ब्रेक तयार केला आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना तो लागला. त्याआधी सळ्या आणि तारा असत, एक तार ढिली पडली की गाडी तिरकी होई. ऑइलनं तो तिरकेपणा घालवला. दाब सारखाच जातो. फरक पडतो तो चाकाशी बसवलेल्या भागांमुळे. एका बाजूला नवा सिलिंडर आणि ऑइल प्यायलेला जुना शू, दुसऱ्या बाजूला भलतंच काही, असं झालं की ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. ऑइल प्यायलेला शू तर कधी निसटतो, कधी एकदम धरतो. तो पुसून, वाळवून, पॉलिशपेपर मारून परत बसवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, पण लायनरनं आत शोषलेलं ऑइल गरम झाल्यावर पुन्हा वर येतं. दोन्ही सिलिंडर एकाच दिवशी कारखान्यातून निघाले, वीस वर्षं एकाच ऑइलात भिजले, एकाच खाऱ्या हवेत राहिले. डावा गळाला तर उजवा काही महिन्यांनी मागे आहे, एवढंच.

थांबणं किती मोठं काम आहे, हे बघायला एक साधा हिशेब पुरतो. मारुती ८०० चं वजन साधारण साडेसहाशे किलो. चार माणसं आणि थोडं सामान धरलं की नऊशे. ही गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायची तर ब्रेकला सुमारे सव्वादोन लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तेवढ्या उष्णतेत पाऊण लिटर पाणी घरच्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. म्हणजे एकदा ब्रेक मारला की चार-पाच कप चहाचं पाणी उकळलं. यातली निम्म्याहून बरीच जास्त उष्णता पुढच्या दोन डिस्कवर जाते, कारण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. ताशी ४० वर हेच काम चौथाई असतं. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं आणि महामार्गावर कुणालाच आठवत नाही.

आणि महामार्ग इथून लांब नाही. वाढवणहून वाणगावमार्गे चारोटीला पोचलं की राष्ट्रीय महामार्ग ४८ लागतो. जुनी माणसं त्याला अजून आठ नंबरच म्हणतात. उत्तरेला तलासरी, आच्छाड आणि मग गुजरात. याच रस्त्यावर, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला आणि देशभर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा सुरू झाली. इथल्या माणसांना हा रस्ता त्याआधीही माहीत होता. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा रिक्षा, जीप, इको, मोटारसायकली आणि जुन्या मारुती कंटेनरच्या मधून वाट काढत असतात. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. पुढची नवी गाडी करकचून पण सरळ थांबते. मागच्या २००५ च्या मारुतीत ती सोय नाही, तिथे सगळा भरवसा पाय आणि पॅड यांच्यावर. ८० च्या वेगाला चांगले ब्रेक गाडी सुमारे ३६ मीटरमध्ये थांबवत असतील, तर त्यांची ताकद पाचव्या हिश्श्यानं कमी झाल्यावर ४५ मीटर लागतात. मधले नऊ मीटर म्हणजे एकापुढे एक लावलेल्या जवळजवळ तीन मारुती.

आता दुकान. मागचं काम काढलंच आहे तर पुढचे पॅडही बघायचे. बोईसरला किंवा डहाणूला सुट्या भागांच्या दुकानात "एट हंड्रेडचे पुढचे पॅड" म्हटलं की काउंटरवर तीन खोकी येतात. एक गाडीच्या कंपनीच्या नावाचं, होलोग्राम लावलेलं. दुसरं ब्रेक बनवणाऱ्या कंपनीचं. तिसऱ्यावर चकचकीत चित्र असतं आणि पत्ता शोधावा लागतो. दुकानदार पहिल्याला ओरिजनल म्हणतो, दुसऱ्याला ओईएम, तिसऱ्याला लोकल. पहिल्या आणि दुसऱ्यातलं नातं गिऱ्हाइकाला सहसा कुणी समजावत नाही. मोटार बनवणाऱ्या कंपन्या पॅड आणि लायनर स्वतः भाजत बसत नाहीत. ते काम चेन्नईकडच्या ब्रेक्स इंडिया, राणे ब्रेक लायनिंग, सुंदरम ब्रेक लायनिंग्ज यांसारखे कारखाने करतात. पहिला १९६२ चा, दुसरा १९६४ चा, तिसरा १९७४ चा. असे कारखाने गाडीच्या कंपनीलाही माल देतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. जुन्या गाडीला दुसरं खोकं बहुतेक वेळा पुरेसं असतं आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. तिसरं खोकं मात्र ब्रेकसाठी घेऊच नये. आरसा लोकल चालतो, पायपुसणं लोकल चालतं.

खोकं उघडून पाहावं. पॅडच्या कडेला किंवा पाठीच्या पत्र्यावर बनवणाऱ्याचं नाव, बॅच क्रमांक आणि कधी कधी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. ईई, एफएफ, जीएफ अशी. ही अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेनं ठरवलेली खूण आहे. पहिलं अक्षर साध्या तापमानाला पॅड किती धरतो ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती धरतो ते. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे त्याहून वर ०.५५ पर्यंत. जीएफ लिहिलं असेल तर समजावं, थंड असताना चांगला धरेल आणि तापल्यावर एक पायरी खाली येईल. दोन अक्षरांत एवढी माहिती मिळते, आणि खोक्यावर मोठ्या ठशात छापलेल्या 'सुपर' 'गोल्ड' 'हेवी ड्यूटी'मधून काहीच मिळत नाही.

पण जास्त धरणारा पॅड म्हणजे चांगला पॅड, असं मानून चालत नाही. पुढचे पॅड फार धरायला लागले आणि मागचे शू तेच राहिले तर पुढची चाकं आधी लॉक होतात. मागचे जास्त धरायला लागले तर त्याहून वाईट, गाडीची शेपूट फिरते. कारखान्यानं गाडी बनवताना पुढचा-मागचा तोल मोजून ठेवलेला असतो. बदलून टाकायचा भाग त्या तोलाशी जुळला पाहिजे. युरोपात हेच कायद्यात आणलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ९० सांगतो, की बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आत असली पाहिजे, वर आणि खाली दोन्हीकडे. खूप चांगला पॅडही तिथे नापास होतो. डाय आणि पंच यांची गाठ रोज बसवणाऱ्या माणसाला हा नियम वाचून नवल वाटणार नाही.

सिरॅमिक पॅडचंही तसंच. आवाज कमी, काळी पूड कमी, दिसायला देखणे. मोठ्या, जड, नव्या गाडीला ते शोभतात. वीस वर्षांच्या मारुतीच्या पातळ डिस्कवर साधा, ठरलेला पॅड घालावा आणि वाचलेल्या पैशांत नवी डिस्क घ्यावी. डिस्कच्या मधल्या भागावर तिची किमान जाडी मिलिमीटरमध्ये ठोकलेली असते, ड्रमच्या आत कमाल व्यास. वर्षानुवर्षं गंजाखाली झाकलेले हे आकडे वायर ब्रश मारल्यावर दिसतात. लेथवर डिस्क घासून गुळगुळीत करून आणली, पण जाडी त्या आकड्याच्या खाली गेली, तर ती तापणार लवकर आणि तडकणारही.

भाग मिळण्याच्या बाबतीत मारुतीचा प्रश्न सोपा आहे. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी दिली गेली आणि १८ जानेवारी २०१४ ला उत्पादन थांबलं, मधल्या तीस वर्षांत देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. एवढ्या गाड्या असल्या की भाग बनवणारे टिकून राहतात. अडचण वेगळीच येते. तीस वर्षांत गाडी आतून बदलत गेली, सुझुकीच्या इतर छोट्या गाड्यांचे भाग दिसायला अगदी चुलत भावासारखे असतात, आणि दोन मिलिमीटरचा फरक नजरेला कळत नाही. पॅड 'जरा घासून' बसवला जातो. चासी नंबर चिठ्ठीवर लिहून नेणं आणि उतरवलेला जुना भाग पिशवीत घालून दुकानात नेणं, हे दोन उपाय अजून तरी सगळ्यांत खात्रीचे आहेत.

खरी कसोटी पद्मिनीवाल्यांची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनवली आणि १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी या नावानं मुंबईची काळी-पिवळी झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. शेवटची २००३ मध्ये नोंदलेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. खाजगी पद्मिनी अजूनही आहेत, चिकूच्या वाडीतल्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. चारही चाकांना ड्रम. भाग हवे असतील तर डहाणू लोकल पकडायची. १६ एप्रिल २०१३ ला लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून हा प्रवास जमण्यासारखा झाला. चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाऊसच्या मागच्या सुट्या भागांच्या गल्ल्या धुंडाळायच्या. तिथे पिढ्यान् पिढ्या बसलेले दुकानदार ड्रमचा नुसता आवाज ऐकून गाडीचं साल सांगतात, अशी त्यांची ख्याती. तिथे नाही मिळालं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, जिथे जुन्या गाड्या सुट्या होऊन रचलेल्या असतात. भंगारातून ड्रम घ्यायला हरकत नाही, व्यास मोजून घ्यावा. कॅलिपरचा किंवा सिलिंडरचा सांगाडा गंजलेला नसेल तर तोही चालेल. होज, वायसर, पॅड, शू मात्र भंगारातून कधीही घेऊ नये, कितीही कोरे दिसले तरी. रबराचं वय पडून राहूनही वाढतं.

शू मिळालाच नाही तर जुन्या शूवर नवा लायनर चढवून घ्यायचा. तलासरीपासून चारोटीपर्यंत महामार्गाच्या कडेनं ट्रकच्या ब्रेकची कामं करणारे असतात, रिव्हेट मारून लायनर बसवणं त्यांच्या हातचा मळ. त्यांच्या हातावर विश्वास ठेवावा, त्यांच्या कपाटातल्या पट्टीवर जरा विचार करून. ट्रकचा लायनर ट्रकच्या वजनासाठी आणि तापमानासाठी बनलेला असतो. पद्मिनीच्या ड्रममध्ये तो पुरता तापतच नाही, आणि सकाळच्या पहिल्या वळणावर लाकूड लावल्यासारखा वागतो. शिवाय ड्रम लेथवर घासून मोठा झालेला असेल तर नव्या शूची गोलाई त्याच्याशी जुळत नाही. शू फक्त मधोमध टेकतो, दोन्ही टोकं अधांतरी. त्याला ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासून बसवावा लागतो. जिथे खडू लावून शू ड्रममध्ये फिरवून पाहतात, खडू कुठे पुसला गेला ते बघतात आणि पुन्हा घासतात, ते गॅरेज चांगलं.

लायनरची कथाच घोडागाडीच्या चाकापासून सुरू होते. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. उतारावर घोडागाड्यांच्या चाकांना लाकडी ठोकळे दाबून धरत, आणि ते घसरू नयेत म्हणून गाडीवान त्यांना जुन्या बुटाचे तुकडे ठोकत, हे त्यानं पाहिलं, असं सांगतात. १८९७ मध्ये त्यानं घर्षणाचे पट्टे बनवायचा धंदा काढला. आडनावाची अक्षरं उलटसुलट करून आणि बायकोच्या एलिझाबेथ या नावातलं ई घेऊन त्याचं नाव ठेवलं फेरोडो. तेच नाव पुढे घाटकोपरच्या कारखान्यावर हिंदुस्तान फेरोडो म्हणून लागलं.

त्या पट्ट्यांत पुढे दीर्घकाळ अॅस्बेस्टॉस वापरलं गेलं, कारण ते जळत नाही आणि विणता येतं. श्वासातून आत गेलेले त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे राहतात. युरोपीय संघानं २००५ पर्यंत ते बंद केलं. भारतात खाणी थांबल्या, अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबद्दल १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महत्त्वाचा निकाल दिला, पण वापरावर सरसकट बंदी आलेली नाही. आजचे नावाजलेले लायनर अॅस्बेस्टॉसविना बनतात आणि खोक्यावर तसं लिहितात. तिसऱ्या खोक्यावर काय आहे, कोण सांगणार? आणि पद्मिनीच्या ड्रममधली जुनी पूड तर त्या काळचीच. म्हणून ड्रम काढल्यावर कंप्रेसरनं फुंकर मारायची ती सवय सुटली पाहिजे. ओल्या फडक्यानं पुसावं, फडकं पिशवीत बांधून टाकावं. विशीतल्या त्या मेकॅनिकच्या पुढे चाळीस वर्षांचा श्वास आहे. त्याला हे कुणीतरी आपुलकीनं, पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

पूड कुठे जाते, हा प्रश्न समुद्रकाठच्या माणसानं विचारावा असा आहे. पॅडमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी तांबं घालत. रस्त्यावर झडलेलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर नदीनाल्यात उतरतं आणि माशांना ते अत्यंत थोड्या प्रमाणातही बाधतं. सामन माशाची वास घेण्याची शक्ती त्यानं जाते, आणि वासावरच तर तो शत्रू ओळखतो आणि घरची नदी शोधतो. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये कायदे करून पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्यानं कमी करायला लावलं. कॅलिफोर्नियात २०२१ पासून ५ टक्के, २०२५ पासून अर्धा टक्का. युरोपच्या युरो ७ नियमांत तर ब्रेकच्या पुडीला पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे. इंजिनाच्या मोटारीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम. धाकटी डहाणू, वरोर, वाढवणच्या खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मासळी वाढते, तिच्यावर घरं चालतात. इथला रस्ता पावसाळ्यात धुऊन निघतो, आणि ते पाणी इथल्याच खाड्यांत उतरतं.

रस्ता आता बदलायला निघाला आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं वाढवणच्या नियोजित बंदराला नकार दिला होता, त्याच प्राधिकरणानं ३१ जुलै २०२३ ला होकार दिला. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणी झाली, अंदाजे खर्च ७६ हजार कोटी रुपये. मच्छीमार, बागायतदार आणि डायमेकर यांचा विरोध तीन दशकांचा आहे, तो एका समारंभानं संपलेला नाही. बंदराला महामार्गाशी जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा नवा रस्ता ठरलेला आहे. कंटेनर आले की त्यांच्या मधून वाण्याकडे, दवाखान्यात, लग्नाला जाणार आहेत त्या याच जुन्या गाड्या. पंधरा वर्षं उलटलेल्या खाजगी गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. तिचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. आपल्या मारुतीच्या पाटीवर अजून एमएच-०४ आहे, कारण गाडी घेतली तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. नवी गाडी परवडली असती तर घेतली असती. ती परवडत नाही, म्हणून ब्रेकमध्ये काटकसर करणं तर मुळीच परवडत नाही.

आता राहिलं ऑइल. स्वस्तात मिळणारी आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षिली जाणारी वस्तू. डॉट ३, डॉट ४ ही ऑइलं हवेतलं पाणी शोषून घेतात. नवं कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांवर उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ ची तीच मर्यादा २३० वरून १५५ वर. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दबते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. डहाणूच्या दमट हवेत दोन वर्षांनी ऑइल बदलणं ही चैन नाही. झाकणावर जे लिहिलंय तेच घालावं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, पण डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, त्याची या दोघांशी सोयरीक जमत नाही. इंजिन ऑइल, स्टिअरिंगचं ऑइल किंवा रॉकेल यांचा थेंबसुद्धा आत जाता कामा नये. पेट्रोलमध्ये वायसर धुण्याची रीत कित्येक गॅरेजांत आहे. ते रबर फुगतं, सिलिंडरात अडकतं आणि ब्रेक लागलेलाच राहतो. वायसर ब्रेक ऑइलातच बुडवून बसवावा.

ऑइल बदलल्यावर नळ्यांतली हवा, म्हणजे एअर, काढताना आणखी एक खोच आहे. मेकॅनिक सांगतो, "काका, पंप मारा, आता धरून ठेवा," आणि काका जोशात पेडल तळापर्यंत दाबतात. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरातला वायसर वर्षानुवर्षं वरच्या अर्ध्या भागातच सरकत असतो. खालचा भाग न वापरल्यानं खडबडीत, गंजलेला. पेडल तळाला गेलं की वायसर त्या खरखरीत जागेवर घासतो आणि आठवड्यात मास्टर सिलिंडर बसतो. मग मालक म्हणतो, नवे सिलिंडर टाकले आणि ब्रेक आणखी बिघडला. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं. डायमेकरच्या घरात ठोकळ्यांना तोटा नसतो.

सगळं बसलं, तरी ब्रेक अजून तयार झालेला नसतो. नवा पॅड आणि डिस्क यांची ओळख व्हावी लागते. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगानं जायचं, हलका ब्रेक मारत वीसपर्यंत यायचं, थोडं अंतर जाऊन थंड होऊ द्यायचं, पुन्हा तेच. वीस-पंचवीस वेळा. वाणगावहून परत येताना मिरचीच्या शेतांमधला रस्ता त्यासाठी चांगला आहे. पहिल्या पाच-सहा वेळा पेडल थोडं परकं वाटतं, जरा वास येतो. मग पायाला कळतं. स्टिअरिंगवरची पकड सैल करून बघावं, गाडी सरळ थांबते का. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

घरी आल्यावर डायमेकर उतरवलेला कोरडा, ठणठणीत दिसणारा उजवा सिलिंडर ओटीवर घेऊन बसतो आणि कुतूहलानं त्याचं रबरी टोपण काढतो. आत गंजाचा तांबूस चिखल आहे आणि त्याच्या कडेला ऑइलचा एक ओघळ, बाहेर यायच्या बेतात. गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत पत्र्याची एक पट्टी आहे, तिच्यावर तो कोरणीनं आजची तारीख आणि किलोमीटरचा आकडा कोरतो. अर्धी उरलेली ब्रेक ऑइलची बाटली शेजारी मागायला येतो, त्याच्या रिक्षासाठी. "ही उघडून ठेवलेली आहे, दमट झाली. नवीन घे," असं सांगून तो त्याला थोडे पैसे देतो.

रात्री पावसाची सर येते. हॅण्डब्रेक ओढून ठेवला तर सकाळपर्यंत ओले शू ड्रमला चिकटतील, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकलेली आहे, आणि मागच्या चाकाखाली किनाऱ्यावरून आणलेला, लाटांनी गुळगुळीत झालेला काळा दगड सरकवलेला आहे. दुसऱ्या चाकाखाली तसाच दुसरा.